परतीचा पाऊस आणि दाण्यातले विष

१९७४ च्या पावसाळ्यानंतर राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या शेजारच्या जिल्ह्यांत एक चमत्कारिक कावीळ पसरली. थोडा ताप, उलट्या, अन्नावरची वासना उडणे, मग डोळे पिवळे होणे आणि पोटात पाणी साचणे असा तिचा क्रम होता. वस्ती मुख्यतः भिल्लांची. ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले १०६ दगावले. साथीची कावीळ म्हटली की आपला पहिला संशय पाण्यावर जातो, पण इथे दोन गोष्टी त्या संशयात बसेनात. आजार ठरावीक घरांतच होता. ज्या घरात मका हेच रोजचे अन्न, त्याच घरात. शिवाय त्या घरांतली कुत्रीही तशाच लक्षणांनी आजारी पडत होती. माणसाची साथीची कावीळ कुत्र्याला लागत नाही. माणसाच्या ताटातले उरलेले अन्न मात्र त्याच्याच वाट्याला येते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या घरांतला मका तपासला, तेव्हा त्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. आज आपल्या देशात तृणधान्यांसाठी या विषाची कायदेशीर मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर तो मका आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विषारी होता. घडले होते ते साधेच. काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला, ओला मका तसाच साठवला गेला आणि त्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळट-हिरवी बुरशी माजली.

या पुस्तकाचा जवळजवळ सगळा विषय या एका घटनेत आहे. बुरशी विष का घडवते आणि कसे घडवते, हा त्याचा अर्धा भाग. ते विष कोणाच्या ताटात जाते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्र आणि जनुकशास्त्र देतात; दुसऱ्याचे उत्तर पाऊसपाणी, साठवण, बाजार आणि घरातला धान्याचा साठा यांत शोधावे लागते. शास्त्रीय ग्रंथ बहुधा पहिल्या भागापाशी थांबतात आणि आरोग्यखात्याची पत्रके दुसऱ्या भागाला 'बुरसटलेले धान्य खाऊ नये' एवढ्या एका वाक्यात गुंडाळतात. हे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत, असे मला वाटते. विष घडायला बुरशी आणि ओल पुरते. ते महिनाभर रोज खाल्ले जायला बहुतेक वेळा नाइलाज लागतो.

आधी क्षेत्राची हद्द आखून घेऊ. बुरशीला वनस्पतींसारखे स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. तिचे तंतू पाचकद्रव्ये बाहेर सोडतात, अन्न बाहेरच्या बाहेर पचवतात आणि मग शोषून घेतात. वाढीसाठी लागणारी प्रथिने, मेद, शर्करा हे सगळे सजीव बनवतात, तसे तीही बनवते. पण याशिवाय ती अशीही काही द्रव्ये घडवते, की ती नसली तरी प्रयोगशाळेच्या बशीत तिचे काही अडत नाही. यांना दुय्यम चयापचयाची द्रव्ये म्हणतात. बुरशीचे रंग आणि वास यांतच येतात, पेनिसिलिनही यांतच येते आणि विषेही. या विषांपैकी जी धान्य, तेलबिया, सुकामेवा, फळे किंवा पशुखाद्य यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशा तयार करतात, तेवढीच या पुस्तकात आहेत. विषारी अळंबीचा विचार इथे केलेला नाही. ती अळंबी माणूस डोळ्यांनी पाहून, हाताने तोडून आणतो आणि चूक ओळखण्यात होते. धान्यातले विष दिसत नाही आणि चवीलाही कळेलच असे नाही. पुष्कळदा बुरशी मरून वाळून गेली तरी विष तसेच राहते, आणि भाकरी भाजल्याने किंवा भात शिजवल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. अफ्लाटॉक्सिनचा रेणू मोडायला अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमान लागते; उकळत्या भांड्यात ते कधीच येत नाही.

माणसाला या विषांचा अनुभव विज्ञानाच्या कितीतरी आधीपासून आहे. मध्ययुगीन युरोपात राय नावाच्या धान्याची काळी पाव-भाकरी हे गरिबांचे अन्न होते. थंड, ओलसर वर्षी रायच्या कणसांत दाण्याच्या जागी जांभळट-काळे शिंगासारखे खडे येत. तो अरगट; क्लॅविसेप्स पर्प्युरिया या बुरशीची सुप्तावस्था. तो दळला गेला की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसत, आग होई, बोटे काळी पडून गळून जात. काहींना झटके येत. लोकांनी या रोगाला सेंट अँथनीची आग म्हटले, आणि अकराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये त्या संताच्या नावाने निघालेल्या पंथाने अशा रुग्णांची शुश्रूषा हेच आपले काम मानले. दुसरे उदाहरण विसाव्या शतकातले. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाच्या ओरेनबुर्ग भागात काढणीला माणसे नव्हती आणि धान्य शेतातच बर्फाखाली राहिले. वसंतात उपाशी लोकांनी ते वेचून खाल्ले. त्यावर थंडीत वाढणारी फ्युझेरियम बुरशी होती. तिच्या विषाने अस्थिमज्जा निकामी झाली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या, आणि माणसे घशातून व त्वचेतून रक्तस्राव होऊन मेली. बर्फाखालचे धान्य धोक्याचे आहे हे पुढे लोकांना समजले नसेल असे नाही. पण भुकेला दुसरे उत्तर नव्हते.

आधुनिक संशोधनाची सुरुवात मात्र माणसांच्या मरणाने झाली नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिले अचानक मेली. कारण कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' रोग असे नाव पडले. माग काढता काढता तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. त्या पेंडीतून काढलेला अर्क अतिनील प्रकाशात निळा आणि हिरवा चमकत होता. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे विष म्हणून अफ्लाटॉक्सिन, निळी चमक देणारे बी आणि हिरवी देणारे जी, अशी नावे पुढे रूढ झाली. यांतले बी-१ हे यकृताच्या कर्करोगाचे सर्वांत प्रबळ नैसर्गिक कारण ठरले. टर्कीच्या पिलांनी हा शोध लावून दिला, याला त्यांच्या शरीराचे एक वैशिष्ट्य कारण होते: त्यांचे यकृत हे विष जलद सक्रिय करते, पण ते निष्प्रभ करण्याची त्याची ताकद फारच तोकडी असते. लाखभर पक्षी एकदम मेल्यामुळे एका उद्योगाला धक्का बसला आणि तपास तातडीने झाला. बांसवाड्यातली माणसे १४ वर्षांनी मेली, तेव्हा विषाचे नाव, रचना आणि तपासणीची पद्धत सगळे माहीत होते. माहिती होती, त्या पाड्यांपर्यंत पोहोचली नव्हती.

आता घडणीकडे वळू. या भागाला पुस्तकातली सर्वांत जास्त पाने दिली आहेत, कारण मराठीत यावर फारसे लिहिले गेलेले नाही. बुरशीची विषे शेकड्यांनी मोजता येतात, पण त्यांतली महत्त्वाची विषे मुख्यतः तीन वाटांनी घडतात, आणि तिन्ही वाटा पेशीच्या रोजच्या व्यवहारातूनच फुटतात. म्हणजे विषासाठी बुरशीला वेगळा कच्चा माल लागत नाही.

पहिली वाट अ‍ॅसिटेटची. दोन कार्बनचा हा तुकडा प्रत्येक पेशीत मेद बनवायला वापरला जातो. गजरा ओवताना एकामागून एक फूल दोऱ्यात सरकवावे, तसे बुरशीचे एक मोठे विकर, पॉलिकिटाइड सिंथेज, हे दोन-दोन कार्बनचे तुकडे ओळीने जोडत जाते. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत आधी मेद बनवणारी विकरे सहा कार्बनची छोटी साखळी तयार करतात. मग पॉलिकिटाइड सिंथेज तिला आणखी सात तुकडे जोडते आणि वीस कार्बनची ती साखळी स्वतःवर वळून कड्यांची रचना घेते. यातून नॉरसोलोरिनिक आम्ल नावाचे नारिंगी-तांबडे द्रव्य मिळते. पुढे एकामागून एक विकरे त्यात ऑक्सिजन घालतात, कडी उघडतात, पुन्हा जोडतात, कार्बन काढून टाकतात. वाटेत अ‍ॅव्हरँटिन, अ‍ॅव्हरुफिन, व्हर्सिकोलोरिन, स्टेरिग्मॅटोसिस्टिन असे मुक्काम लागतात आणि शेवटी १७ कार्बनचे अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार होते. हा मार्ग उलगडायला मदत झाली ती एका बिघडलेल्या बुरशीची. अमेरिकेत जोन बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असा एक उत्परिवर्ती वाण मिळाला, ज्याची वाट पहिल्याच मुक्कामाशी तुंबली होती. त्यामुळे तो नारिंगी रंग साठवत राहिला. ज्या पायरीवर बुरशी अडते, तिथले द्रव्य साचते. असे अडलेले वाण एकेक करून जमवले आणि संपूर्ण मार्ग हाती आला.

दुसरी वाट अमिनो आम्लांची. अरगटाची विषे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सुरू होतात. त्याला पाच कार्बनचा एक तुकडा जोडला जातो आणि पुढच्या पायऱ्यांत लायसर्जिक आम्लाची चौकट तयार होते. याच चौकटीपासून अर्धशिशीवरचे अर्गोटामिन आणि बाळंतपणातील रक्तस्राव थांबवणारे अर्गोमेट्रिन ही औषधे मिळाली. बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये बनवलेले आणि १९४३ मध्ये ज्याचा मनावरील परिणाम त्यांना स्वतःच्याच शरीरावर कळला, ते एलएसडीही याच कुळातले.

तिसरी वाट टर्पीनची. फुलांचे सुवास, झाडांचे चीक आणि आपल्या शरीरातले कोलेस्टेरॉल ज्या पाच कार्बनच्या तुकड्यांतून बनतात, त्यांतलेच तीन तुकडे जोडून फ्युझेरियम बुरशी ट्रायकोडाइन नावाचा सांगाडा उभा करते आणि त्यापासून ट्रायकोथेसीन गटाची विषे घडवते. ओरेनबुर्गचे टी-२ विष याच गटातले. गव्हातले डीऑक्सिनिव्हॅलेनॉलही याच गटातले. डुकरांना ते खाऊन उलट्या होतात. ही विषे पेशीत प्रथिने बनण्याचे काम थांबवतात, म्हणूनच अस्थिमज्जा आणि आतड्याचे अस्तर अशा झपाट्याने वाढणाऱ्या ऊती आधी बळी पडतात.

एकाच मार्गातली सगळी जनुके बुरशीच्या गुणसूत्रावर बहुधा शेजारी शेजारी बसलेली असतात. अफ्लाटॉक्सिनची पंचवीस-तीस जनुके डीएनएच्या सुमारे ७० हजार बेसजोड्यांच्या एका पट्ट्यात, गुणसूत्राच्या टोकाजवळ आहेत. त्यांना चालू करणारे जनुकही त्याच पट्ट्यात असते. त्याच्याही वर आणखी एक नियंत्रक असतो. २००४ मध्ये अमेरिकेत नॅन्सी केलर यांच्या प्रयोगशाळेने लाए-ए हे जनुक शोधले. ते काढून टाकले की अ‍ॅस्परजिलसच्या जातींत स्टेरिग्मॅटोसिस्टिन हे विष बनेनासे होते. त्याचबरोबर पेनिसिलिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे लोव्हास्टॅटिनही घटते. बुरशीच्या लेखी विष आणि औषध हे दोन वेगळे विभाग नाहीत. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीच्या याच दुय्यम रसायनशास्त्रावर. उलट बाजूने, सडक्या सफरचंदावरच्या पेनिसिलियम बुरशीचे पॅट्युलिन हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये सर्दीवरचे औषध म्हणून तपासले गेले. गुण आला नाही. आज सफरचंदाच्या रसात ते किती चालेल याची मर्यादा पाळावी लागते.

मग बुरशी हा खटाटोप करते कशासाठी? याचे एकच उत्तर नाही. गव्हावरच्या फ्युझेरियमपुरते ते बरेच स्पष्ट आहे: विष बनवणारे जनुक काढून घेतले तर ती बुरशी एका दाण्यात शिरते, पण ओंबीच्या दांड्यातून पुढच्या दाण्यांपर्यंत पसरू शकत नाही. तिथे विष हे शस्त्र आहे. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत, बुरशी खाणाऱ्या फळमाश्यांच्या अळ्या सोबत असतील तर विष बनवणाऱ्या वाणाचा निभाव अधिक चांगला लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. पेशीवर ऑक्सिडेशनचा ताण आला की विषाचे उत्पादन वाढते, हेही दिसते. आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे कितीतरी वाण निसर्गात विष न बनवताच सुखाने जगतात. तिची माणसाळलेली बहीण, अ‍ॅस्परजिलस ओरायझी, जपानमध्ये शतकानुशतके सोया सॉस, मिसो आणि साके यांसाठी वापरली जाते. तिच्यात विषाच्या जनुकांचे अवशेष आहेत, पण ते मोडके. विष बनत नाही. तेव्हा एखाद्या दाण्यावर हिरवी बुरशी दिसली म्हणजे त्यात विष आहेच असे नाही, आणि बुरशी दिसली नाही म्हणजे विष नाही असेही नाही. या एका गोष्टीमुळे तपासणीचे काम अवघड होऊन बसते.

विष केव्हा घडते हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. पहिली अट पाण्याची. दाण्यात एकूण पाणी किती यापेक्षा बुरशीला वापरता येण्याजोगे किती, हे महत्त्वाचे. तृणधान्यात ओलावा साधारण १२-१३ टक्क्यांच्या आत आणि भुईमुगाच्या दाण्यात आठच्या आसपास राहिला, तर अ‍ॅस्परजिलसला हातपाय पसरता येत नाहीत. भुईमुगात तेल जास्त असल्याने तेवढ्याच पाण्याने तो अधिक 'ओला' ठरतो. दुसरी अट उष्णतेची: २५ ते ३५ अंश, म्हणजे आपला ऑक्टोबर. तिसरी अट जखमेची. अळीने पोखरलेले कणीस, खुरप्याने फुटलेली शेंग, मळणीत तुटलेला दाणा. आणि चौथी अट पिकाच्या हालाची. भुईमुगाच्या बाबतीत शेवटच्या काही आठवड्यांतला पाण्याचा ताण फार वाईट. निरोगी, पाणी मिळालेला दाणा बुरशीला रोखणारी स्वतःची द्रव्ये बनवतो. जमीन तापली आणि दाणा सुकू लागला की हा प्रतिकार बंद पडतो, पण बुरशीला पुरेल एवढा ओलावा दाण्यात अजून असतो. मातीखालच्या शेंगेत विष तेव्हाच तयार होऊ लागते. म्हणजे काढणीआधी दुष्काळ आणि काढणीनंतर परतीचा पाऊस, असे दोन्ही एका हंगामात आले तर शेतकऱ्याने कोणतीही चूक न करता माल विषारी होऊ शकतो.

दख्खनच्या पठारावरच्या वाचकाला हा विषय परका नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. बाजरीवरचा अरगट युरोपातल्या रायच्या अरगटाहून वेगळ्या जातीच्या बुरशीचा. त्याच्या विषाने बोटे गळत नाहीत; मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, दमट हवा राहिली की कणसांवर मधासारखे चिकट थेंब दिसतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट खडे. पेरणीआधी बी २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे खडे काढून टाकायचे, हा कृषी विभागाचा सल्ला बाजरी पिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. हे खडे दाण्यापेक्षा हलके असतात, एवढ्यावर ही युक्ती चालते.

ज्वारीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. जुने उंच वाण दिवस लहान होऊ लागले की फुलत आणि पाऊस सरल्यावर पक्व होत. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. पण लवकर येणाऱ्या संकरित ज्वारीचे कणीस भर पावसात भरू लागले आणि दाणे काळे पडणे हा दरवर्षीचा प्रश्न झाला. रब्बीची मालदांडी कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा राहतो आणि तिला भाव मिळतो. काळ्या पडलेल्या ज्वारीवर फ्युझेरियमच्याही जाती असतात आणि त्यांतल्या काही फ्युमोनिसिन नावाचे विष बनवतात. १९९५ मध्ये आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातल्या पठारी गावांत पोटदुखी, पोटात गुरगुर आणि जुलाब यांची साथ आली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांना ती २७ गावांत आढळली, आणि पावसात भिजलेली ज्वारी किंवा मका ज्या घरांनी खाल्ला होता त्याच घरांत. धान्य बदलले, तसा आजार थांबला. अधिक पीक देणाऱ्या वाणाला नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. त्याने अनेकांच्या घरी धान्य पोहोचवले. पण पिकाचे वेळापत्रक बदलले की बुरशीचेही बदलते, हे वाण निवडताना हिशेबात धरावे लागते.

अफ्लाटॉक्सिनचे शरीरातले काम यकृतात चालते, आणि त्यात एक क्रूर विरोधाभास आहे. मूळ बी-१ रेणू फारसा घातक नसतो. परकी द्रव्ये शरीराबाहेर टाकता यावीत म्हणून यकृत त्यांना ऑक्सिजन जोडते; हे करताना बी-१ पासून एक अत्यंत क्रियाशील इपॉक्साइड बनते आणि ते डीएनएमधल्या ग्वानीनला चिकटते. त्यातून चुका होतात. १९९१ मध्ये चीन आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या यकृताच्या कर्करोगांत पी-५३ या संरक्षक जनुकाच्या २४९व्या स्थानी पुन्हा पुन्हा तोच बदल आढळला. पुढे शांघायमधल्या अभ्यासाने दाखवले, की बी प्रकारच्या काविळीचा विषाणू आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक वाढतो. म्हणून बाळाला टोचलेली हिपॅटायटिस बीची लस हा अफ्लाटॉक्सिनविरुद्धचाही उपाय ठरतो, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी बोलली जात नाही.

विष धान्यापुरते राहत नाही. बुरसटलेले दाणे तेलासाठी जातात, तेल काढल्यावर विषाचा मोठा भाग पेंडीत उरतो आणि पेंड गोठ्यात जाते. गाय-म्हैस बी-१ चे रूपांतर एम-१ मध्ये करते आणि साधारण एक ते तीन टक्के भाग, कधी त्याहून जास्त, दिवसाच्या आत दुधात उतरतो. पाश्चरीकरणाने तो जात नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ म्हणजे ५.७ टक्के नमुन्यांत एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दुधात पाणी घातले की ओरड होते. एम-१ ची चर्चा झाली ती थोडीच, आणि ती लवकर विरली. खरे तर त्याचा उगम दूधवाल्याकडे नाही, खुराकाच्या पोत्यात आहे.

उपायांचा विचार करताना एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भुईमुगाच्या एकाच दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या प्रमाणात विष सापडल्याच्या नोंदी आहेत. असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा ३३ किलो स्वच्छ मालाला कायद्याच्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, पोत्यातून मूठभर नमुना घेऊन केलेली तपासणी सहज फसते; म्हणून नमुना मोठा आणि अनेक ठिकाणांहून घ्यावा लागतो. दुसरा निष्कर्ष दिलासा देणारा: विष थोड्याच दाण्यांत एकवटलेले असेल, तर ते दाणे काढून टाकणे हा अत्यंत परिणामकारक उपाय आहे. सुकलेले, काळपट, किडके, खवट दाणे बाजूला काढणारी बाई नकळत विषविज्ञानाचेच काम करत असते. फक्त पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: बाजूला काढलेले दाणे जातात कुठे? ते घाण्यावर, कोंबड्यांना किंवा मजुराच्या घरी जात असतील, तर विष निवडले गेले नाही. त्याची फक्त जागा बदलली.

आफ्रिकेत नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने विष न बनवणारे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसचे स्थानिक वाण शेतात मुद्दाम सोडण्याची पद्धत रुळवली आहे. ते विषारी वाणांची जागा आधीच अडवतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने स्वस्त तपासणी संच बनवले आहेत. हवाबंद पिशव्या, ताडपत्री, सिमेंटचे खळे, गावपातळीवरची वाळवणयंत्रे यांची उपयुक्तता वादातीत आहे. या सगळ्यांचा आढावा शेवटच्या प्रकरणांत घेतला आहे. पण बाजार समितीत ओलाव्यासाठी भाव कापला जातो आणि विषमुक्त मालाला जास्तीचा भाव सहसा मिळत नाही, हे चित्र बदलल्याशिवाय ही साधने खळ्यापर्यंत पोहोचणार नाहीत. निर्यातीचा माल युरोपच्या कडक मर्यादेसाठी पारखला जातो. घरी खायच्या मालाला असा पारखी नाही.

२००४ मध्ये केनियात बांसवाड्याचीच पुनरावृत्ती झाली: ओला साठवलेला मका, ३१७ रुग्ण, १२५ मृत्यू. तीस वर्षांत विज्ञान कितीतरी पुढे गेले होते. तरीही तिथे तातडीचा उपाय होता तो दूषित मका काढून घेऊन लोकांना दुसरे धान्य देणे. माझ्या मते या विषयाचे सार इथे आहे. ज्या वर्षी परतीचा पाऊस काढणीत सापडतो, त्या वर्षी भिजलेल्या तालुक्यांतले धान्य आठवड्यांच्या आत तपासणे, बिघडलेले धान्य योग्य मोबदला देऊन उचलणे, ते पुन्हा खाद्यात शिरणार नाही असे नष्ट करणे आणि त्या जागी रेशनवर चांगले धान्य देणे, ही पीकविम्याइतकीच रूढ सरकारी जबाबदारी झाली पाहिजे. पुढील प्रकरणांतले रसायनशास्त्र वाचकाने रस घेऊन वाचावेच. ते सुंदर आहे. पण वाचून झाल्यावर आपल्या जिल्ह्यात हे काम कोणाकडे आहे, असा प्रश्न कोणी कृषी अधिकाऱ्याला विचारला, तर या पुस्तकाचा उपयोग झाला असे मी समजेन.